ट्रकवर गरम पाण्याचा शॉवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे-बेंगळुरू रोडला आमचं गॅरेजचं काम आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांना पाण्याच्या टाक्या, पंप, शॉवर असली कामं येतात आणि फोनवर, मेसेजवर प्रश्न तेच तेच येतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवलंय. प्रश्नांना नंबर दिलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा नंबर आला तर तो आधी वाचा, म्हणजे परत तेच टायपायला नको.

१. मुळात ट्रकवर शॉवर लावायची गरज काय? पंपावर, ढाब्यावर आंघोळ होतेच की.

होते, आणि ज्याची होते त्याने यावर एक रुपया घालू नये. तेल कंपन्यांच्या पंपांवर 'अपना घर' नावाची ड्रायव्हर लोकांसाठीची सोय आहे, जुलै २०२५ पर्यंत देशभरात ३६८ ठिकाणी ४,६११ बेड झालेत, झोपायला बेड, स्वतः स्वयंपाक करायला जागा, संडास, आंघोळीची जागा असं सगळं. तुमच्या रूटवर असली ठिकाणं योग्य अंतरावर पडत असतील तर प्रश्नच मिटला. पण जो लासलगावचा कांदा नाहीतर नाशिकची द्राक्षं घेऊन डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या आझादपूर मंडीला जातो, मंडीबाहेर लाइनीत रात्र काढतो, त्याला पहाटे गार पाण्याची बादली अंगावर घेताना काय होतं ते विचारा. कंपनीच्या गेटबाहेर, बंदराच्या पार्किंगला दोन-दोन दिवस गाडी उभी राहते तिथेही तेच. ज्यांचं असं होतं त्यांच्यासाठी हे पान आहे.

२. सगळ्यात स्वस्तात काय होईल?

टपावर काळा पाइप. ४ इंची पीव्हीसी पाइप घ्यायचा, दोन मीटर, दोन्ही टोकांना कॅप चिकटवायची, वर पाणी भरायला तोंड ठेवायचं, खाली नळ आणि हँड शॉवरची नळी, आणि सगळ्याला काळा रंग. दोन मीटर पाइपात साधारण १६-१७ लिटर पाणी मावतं, दिवसभर उन्हात गाडी चालली की संध्याकाळी झकास गरम मिळतं, पंप नको, वायरिंग नको, गाडीच्या इंजिनाला हात लावायला नको. नळ सोडताना वरच्या तोंडाचं झाकण सैल करायचं, नाहीतर हवा आत जात नाही आणि धार मध्येच बंद पडते.

यात काही लोक टायरच्या व्हॉल्व्हमधून हवा भरून प्रेशर करतात, ते करू नका. ऊन लागलेला पीव्हीसी मऊ पडतो, त्यात हवेचा दाब, कॅप उडून कुणाच्या डोक्यात बसली तर संपलं.

याची अडचण एकच, पण मोठी आहे. पाणी संध्याकाळी गरम असतं, सकाळी नसतं. आणि उत्तरेकडच्या धुक्यात दुपारीही नसतं. सकाळी आंघोळ करणाऱ्याला पुढे वाचावंच लागेल.

३. एका आंघोळीला पाणी किती धरायचं?

घरी बादलीने १५-२० लिटर लागतं. शॉवरचा छोटा पंप मिनिटाला ३-४ लिटर देतो, म्हणजे अंग भिजवून पंप बंद, साबण लावून परत चालू असं केलं तर १२-१५ लिटरमध्ये माणूस स्वच्छ होतो. ड्रायव्हर आणि क्लीनर धरून ३० लिटर.

आता इथे एक हिशोब नीट समजून घ्या कारण टाकी केवढी करायची ते यावर ठरतं. ३० लिटर पाणी गरम करायची गरज नाही. टाकीत ७० अंशाचं कढत पाणी असेल आणि विसण २० अंशाचं असेल तर अंगावर घ्यायच्या ४० अंशाच्या पाण्यात कढत फक्त ४० टक्के लागतं. म्हणजे १२ लिटर कढत पाण्यात ३० लिटर आंघोळीचं पाणी होतं. लोक येतात आणि ५० लिटरची गरम टाकी करा म्हणतात, ती तापायलाही वेळ घेते आणि जागाही खाते. गरम टाकी १२ ते १५ लिटर, गार टाकी ४०-५० लिटर, बास.

४. इंजिनावर पाणी तापतं म्हणजे नक्की कसं?

डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा मोठा वाटा चाकापर्यंत पोचतच नाही, काही सायलेन्सरमधून जातो आणि काही कुलंटमधून (इंजिन थंड ठेवायला आत फिरतं ते पाणी) रेडिएटरवाटे हवेत जातो. चालत्या गाडीत कुलंट ८०-९० अंशाला असतो. म्हणजे दिवसभर पेटलेला बंब गाडीत आहेच, फक्त त्यातून पाणी कसं काढायचं एवढाच प्रश्न. आपण केबिन हीटरच्या लाइनीतून थोडा कुलंट वळवून टाकीतल्या तांब्याच्या कॉइलमधून फिरवतो आणि परत इंजिनाला देतो. कुलंट कॉइलच्या आत, आंघोळीचं पाणी कॉइलच्या बाहेर, दोघांची गाठ कधीच पडत नाही, पडली तर काय ते प्रश्न १४ मध्ये.

अर्ध्या इंची तांब्याच्या नळीची ४-५ मीटर कॉइल असेल तर १२ लिटर पाणी तासाभरात आरामात कढत होतं.

५. प्लेट हीट एक्सचेंजर चांगला की कॉइलची टाकी? ऑनलाइन प्लेटवाले लई दिसतात.

प्लेटवाला दिसायला छान, वहीएवढा, पाणी त्यातून जाता जाता गरम होतं, टाकीच नको. पण आंघोळ करताना इंजिन चालू पाहिजे. म्हणजे पहाटे पाच वाजता पार्किंगमध्ये गाडी धडधडवत ठेवायची, गार झालेलं इंजिन आधी तापू द्यायचं, तोवर डिझेल जाळायचं, शेजारच्या गाडीतला झोपलेला माणूस शिव्या घालणार, आणि तुम्ही बाहेर ओल्या अंगाने उभे असताना चालू गाडीत कुणीतरी पाहिजेच. फुकटच्या उष्णतेची सगळी मजाच गेली. परदेशात कॅम्पिंगच्या गाड्यांना तो ठीक असेल, आपल्या मुक्कामाच्या पद्धतीला टाकीच बरी. गाडी चालताना पाणी तापतं, गाडी उभी राहिली की वापरायचं.

६. फिटिंगची रचना सांगा ना, कुठून कुठे पाइप?

लांबलचक आहे, पण इथेच सगळे गडबड करतात म्हणून सविस्तर.

कुलंटची बाजू: हीटरच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही होजवर टी (तीन तोंडांचा जोड) बसवायच्या, प्रत्येक टी नंतर लगेच एक बॉल व्हॉल्व्ह, मग होज टाकीच्या कॉइलपर्यंत. व्हॉल्व्ह इंजिनाजवळच पाहिजे, टाकीजवळ नाही, कारण होज वाटेत कुठे घासून फाटली तर दोन व्हॉल्व्ह बंद करून गाडी पुढे काढता आली पाहिजे. घाटात कुलंट सांडला तर शॉवर राहिला बाजूला, इंजिन बसतं. होज कुलंटवालीच घ्या, बागेची पाइप तासाभरात लोळते. आणि कॉइल एक्सपान्शन टँकच्या (कुलंट भरायची छोटी टाकी) लेव्हलच्या खाली राहील असं बघा, वर गेली तर हवा अडकते आणि पाणी तापतच नाही. काम झालं की हवा काढायची, कुलंट लिटरभर तरी जास्त लागतो, जो गाडीत आहे त्याच प्रकारचा टाका, रंग बघून मिसळू नका.

पाण्याची बाजू: पंप नेहमी गार पाण्यावर. गार टाकीतून पंप, पंपानंतर लाइन दोन भागात, दोन्हीवर एकेक व्हॉल्व्ह. एक लाइन गरम टाकीच्या तळाला जाते आणि आतलं कढत पाणी वरून ढकलते, दुसरी थेट पुढे जाऊन त्या कढत पाण्याला मिळते, ते तुमचं विसण. तिथून हँड शॉवर. गरम बाजूला, म्हणजे टाकीपासून शॉवरपर्यंत, एकही नळ नाही, तोंड कायम उघडं. पंप चालू केला की पाणी येतं, बंद केला की थांबतं. असं केल्याने दोन फायदे, छोट्या पंपाच्या रबराला कढत पाणी लागत नाही आणि गरम टाकीवर दाब चढत नाही.

म्हणून शॉवरला तो खटका दाबायचा जेट लावू नका! दहातले नऊ जण तोच विकत आणतात. खटका सोडला की तोंड बंद, पंप चालूच, फवारणीच्या पंपाचा (प्रश्न ७) कटऑफ, म्हणजे ज्या दाबाला तो आपोआप थांबतो, ४-५ बार किंवा त्याहून वरच असतो, आणि पातळ पत्र्याच्या टाकीला तो दाब झेपत नाही. खटकाच पाहिजे असेल तर टाकी दाबाची करून घ्या, तिला सेफ्टी व्हॉल्व्ह लावा, खर्च वाढवा.

पाणी तापताना शॉवरमधून थोडं ठिबकतं, घाबरू नका, तापलेलं पाणी फुगतं तेवढंच बाहेर येतं. आणि गार टाकी शॉवरच्या हुकापेक्षा उंच बसवली असेल तर पंप बंद असतानाही पाणी वाहून जाईल, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायची सवय लावा.

७. शेतीच्या फवारणीचा पंप चालतो का?

चालतो, आम्ही तोच लावतो. बॅटरीच्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची मोटर कुठल्याही तालुक्याच्या गावात कृषी सेवा केंद्रात मिळते, बिघडली तर वाटेत दुसरी मिळते, हा सगळ्यात मोठा गुण. नवीनच घ्या. औषध फवारलेली जुनी मोटर आंघोळीला कधीच नाही, कितीही धुतली तरी नाही.

गाडी २४ व्होल्टची आणि मोटर १२ व्होल्टची, इथे वायरमन लोक शॉर्टकट मारतात, दोन बॅटरींपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढतात. त्याने दोन बॅटरी कमी-जास्त होतात, एक सतत अर्धी आणि दुसरी जास्त चार्ज, आणि दोन्हीचं आयुष्य जातं. २४ ते १२ चा कन्व्हर्टर लावायचा, बऱ्याच गाड्यांत टेपसाठी तो आधीच असतो. मोटर २-३ अँपिअरच खाते, पाच-सात मिनिटांच्या आंघोळीला बॅटरीला कळतही नाही. फ्यूज मात्र बॅटरीजवळ पाहिजे. स्विच हाताशी, पण पाण्याच्या तोंडात नाही.

८. एवढी भानगड कशाला, इन्व्हर्टर लावून हीटरचा रॉड टाकला तर?

२० लिटर पाणी २० अंशाने तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. १५०० वॉटचा रॉड वीसेक मिनिटात काम करेल, पण तेवढ्या वेळात २४ व्होल्टच्या बॅटरीतून ७० अँपिअरच्या आसपास खेचेल. बॅटरी नवी असेल तर गाडी नंतर सुरू होईलही. जुनी असेल, वर थंडीची पहाट असेल, तर धक्का मारायला माणसं गोळा करा.

बॅटरीपेक्षा शॉकचं जास्त बघा. ट्रक रबराच्या टायरवर उभा असतो, त्याला अर्थिंग नाही. २३० व्होल्टची वायर कुठे सोलली आणि बॉडीला लागली तर अख्खी गाडी करंटात येते आणि तुम्ही ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून केबिनच्या दांड्याला हात लावता. ढाब्यावरून वायर ओढून बादलीत रॉड टाकणाऱ्यांनाही हेच लागू.

९. मग गॅस गिझर? घरी तर तोच आहे.

नको. ट्रकवर अजिबात नको. बंद जागेत गॅस गिझरमधून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, माणूस झोपल्यासारखा जातो, घरच्या बाथरूममध्येसुद्धा अशी माणसं गेलीत. ट्रकवर त्यात भर म्हणजे रोजचे हादरे, सैल होणारे जॉइंट, वाऱ्याने विझणारी ज्योत, शेजारी डिझेलची टाकी. वरून घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर धंद्याच्या गाडीत असं वापरणं कायद्यातही बसत नाही. ५ किलोचं छोटं सिलिंडर स्वयंपाकाला बाळगतात त्यांनी पाणी गाडीपासून लांब, उघड्यावर तापवावं आणि बादलीने आंघोळ करावी.

१०. युरोपातल्या गाड्यांना डिझेलवर चालणारा वॉटर हीटर असतो, तो मिळेल का?

वेबास्टो, एबरस्पेशर यांचे असतात, वस्तू चांगली आहे, इंजिन बंद असताना कुलंट गरम करते, ५ किलोवॉटचा हीटर फुल चालला तर तासाला अर्धा-पाऊण लिटर डिझेल खातो. बर्फाच्या देशात इंजिन आणि केबिन गरम ठेवायला तो लागतोच, त्यात आंघोळीचं पाणी जाता जाता होतं. आपल्याकडे फक्त शॉवरसाठी एवढा पैसा घालणं मला पटत नाही. स्वस्तातले नक्कल हीटर येतात त्यांची धुराची नळी केबिनखाली कुठेतरी सोडलेली असते, धोका प्रश्न ९ मधलाच.

११. सायलेन्सरला तांब्याची नळी गुंडाळली तर फुकटात होईल ना?

जुन्या गाड्यांना लोकांनी केलंय. पण १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराचे नवे नियम) गाड्यांचा सायलेन्सर म्हणजे नुसता डबा नाही, आत धूर साफ करायची सगळी यंत्रणा आहे आणि तिला ठराविक उष्णता लागते, सेन्सर आहेत, रिजनरेशन (साचलेली काजळी जाळणं) चालू झालं की आत पाचशे-सहाशे अंश होतात. नळीत पाणी उभं असेल तर त्याची वाफ होऊन फुटणार. जुन्या गाडीतही हाच धोका आहे. सोडून द्या.

१२. ट्रकमध्ये हवेचं प्रेशर आहेच, पंपाऐवजी तेच टाकीला दिलं तर?

ती हवा ब्रेकची आहे. प्रेशर हॉर्नसाठी कुठूनही टी मारणारे आहेत, त्यात अजून एक गळतीची जागा वाढवायची आणि घाट उतरायचा, हे माझ्या हातून होणार नाही. शिवाय त्या हवेत तेलाचा अंश असतो, आणि ८-१० बारचा दाब पाण्याच्या साध्या टाकीला म्हणजे बॉम्बच. पंप स्वस्त आहे.

१३. माझ्या गाडीला केबिन हीटरच नाही. टी कुठे मारू?

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या मालट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, पण एसी आहे म्हणजे हीटरची लाइन आहेच असं समजू नका, सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. जुन्या गाडीत बऱ्याचदा इंजिनावर हीटरची जागा प्लग मारून बंद केलेली असते, जाणता फिटर ती दाखवेल.

एक लाइन मात्र चुकूनही तोडू नका. बीएस-६ गाडीत युरियाच्या (धूर साफ करायला लागणारं द्रव) टाकीकडे कुलंटची बारीक नळी गेलेली असते, ती युरिया थंडीत गोठू नये म्हणून आहे. सोयीची दिसते, टाकीजवळच असते, लोकांना मोह होतो. तिथे हात घातला की डॅशबोर्डवर दिवे लागतात.

जागाच नसेल तर दुसरा मार्ग आहे. गरम टाकीत २४ व्होल्टचा ३०० वॉटचा एलिमेंट, गाडी चालू असतानाच चालेल असा रिलेवर जोडलेला. साडेबारा अँपिअर घेतो, अल्टरनेटरला जड नाही, १२ लिटर पाणी दोन-अडीच तासात ७० अंशाला नेतो. लांब पल्ल्याच्या गाडीला दोन-अडीच तास म्हणजे काय, चहापासून जेवणापर्यंत. ७० ला बंद होणारा थर्मोस्टॅट आणि २० अँपिअरचा फ्यूज पाहिजेच, आणि वायर ४ स्क्वेअरची घ्या. प्रश्न ८ मध्ये रॉडला नाही म्हटलं आणि इथे हो, कारण इथे २३० व्होल्ट नाहीत आणि उभ्या गाडीत बॅटरी खाल्ली जात नाही.

१४. कॉइल गळून कुलंट आंघोळीच्या पाण्यात आला तर?

कुलंटमधलं ग्लायकॉल पोटात गेलं तर विष आहे. अंगावर चार थेंब पडल्याने काही होत नाही, पण म्हणूनच या टाकीचं पाणी पिणं, चूळ भरणं, भात लावणं बंद. पिण्याचा कॅन वेगळा, रंगही वेगळा ठेवा म्हणजे झोपेत गोंधळ नको.

गळती झाली तर कुलंटच पाण्यात येणार कारण त्याच्या लाइनीत दाब असतो आणि आपली टाकी उघडी आहे. लक्षण म्हणजे एक्सपान्शन टँकची लेव्हल विनाकारण उतरते, शॉवरचं पाणी बुळबुळीत लागतं, किंचित रंग दिसतो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, गाडी चालवा, घरी आल्यावर कॉइल बदला. कॉइल अखंड नळीची करून घ्या, टाकीच्या आत एकही जॉइंट नको.

१५. सत्तर अंशाचं पाणी म्हणजे भाजणार नाही का?

भाजेलच. ६० अंशाच्या पाण्याने पाचेक सेकंदात कातडी जाते, ५० अंशाला काही मिनिटं लागतात. म्हणून क्रम ठरवून घ्या, आधी विसणाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, मग पंप, मग गरमचा व्हॉल्व्ह हळूहळू, आणि पहिली धार जमिनीवर, मग हातावर, मग अंगावर. ज्याला पैसे आहेत त्याने थर्मोस्टॅटिक मिक्सर लावावा, तो आपोआप ४० च्या आसपास ठेवतो. डोळ्यात साबण असताना व्हॉल्व्ह चाचपायची वेळ येऊ नये म्हणून हँडलांना लाल-निळी टेप.

१६. रात्री टाकी कढत होती, पहाटे कोमट. काय चुकलं?

बहुतेक वेळा कुलंटचे व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात. इंजिन थंड झालं की कॉइलमधला गरम कुलंट स्वतःच फिरायला लागतो आणि टाकीतली उष्णता परत इंजिनाला जाते, रात्रभर तुम्ही इंजिन शेकत बसता. मुक्कामाच्या तास-दीड तास आधीच्या चहाला व्हॉल्व्ह उघडायचे, मुक्कामाला उभं राहिलं की बंद. दिवसभर बंद ठेवल्याने होज फुटायची भीतीही तेवढा वेळ नाही.

व्हॉल्व्ह बंद असूनही गार होत असेल तर टाकीला पफ (उष्णता अडवणारा फोम) कमी आहे. सगळीकडून ४० मिलिमीटर पफ, वरून पत्रा, तळालासुद्धा, आणि टाकी लोखंडी ब्रॅकेटवर थेट न ठेवता मध्ये लाकूड. असं केलं तर रात्रीतून दहा-पंधरा अंश उतरतं, म्हणजे सकाळी विसण थोडं कमी घालायचं, बाकी काही नाही.

१७. टाकी कुठे बसवायची? वजनाचं काय?

५० लिटर गार, १२ लिटर गरम, पाइप, ब्रॅकेट मिळून ८०-९० किलोच्या घरात जातं. डिझेल टाकीच्या समोरच्या बाजूला, केबिनच्या मागे चॅसीला जागा असते. एअर टँक, बॅटरी बॉक्स, स्टेपनी काढायची जागा अडवू नका, साइड गार्ड कापू नका. चॅसीला नवीन भोक नाही, वेल्डिंग तर नाहीच, कंपनीची भोकं असतात त्यात बोल्ट मारायचा. दुसरीकडे कुठे वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरी सोडा, नाहीतर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) उडतो आणि शॉवर लाखात पडतो.

अर्धी टाकी वळणावर हिंदकळते, ब्रॅकेट ढिले होतात. आत एक आडवा पत्रा घालून घ्या. माल काट्यावर काठोकाठ असेल त्या ट्रिपला टाकी रिकामी ठेवा, ओव्हरलोडचा दंड २० हजारापासून सुरू होतो, त्यापुढे दर टनाला दोन हजार.

१८. पासिंगला आरटीओ अडवेल का? वॉरंटी जाते का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरची माहिती बदलेल असा फेरफार करायचा नाही, आणि केला तर दर फेरफाराला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बोल्टवर बसलेली, काढता येणारी पाण्याची टाकी गाडीची लांबी-रुंदी बदलत नाही. २.६ मीटर रुंदीच्या बाहेर काही येऊ देऊ नका, बंदिस्त बाथरूमची खोली हौद्याला जोडू नका, ती मात्र सरळ फेरफारात जाते. तरी पासिंगच्या आधी आडोशाचा पडदा आणि पाइप उतरवून ठेवा, वाद घालत बसण्यापेक्षा बरं.

वॉरंटीतल्या गाडीच्या कुलंट लाइनीला टी मारली आणि पुढे इंजिन तापलं तर कंपनी बोट तिथेच दाखवणार. वॉरंटी संपेपर्यंत प्रश्न २ चा पाइप वापरा.

१९. आडोसा कसा करायचा आणि सांडपाणी?

केबिन आणि हौद्याच्या मधल्या बाजूला पुढे उघडणारा एक पाइपचा आकडा, त्यावर जाड ताडपत्रीचा पडदा. पातळ नको, रात्री मागे दिवा असला की आतला माणूस बाहेर सावलीत पूर्ण दिसतो. पायाखाली रबरी मॅट किंवा लाकडी फळी. गाडी उतारावर असेल तर पाणी कुठे वाहतंय ते आधी बघा, दुसऱ्याच्या गाडीखाली, ढाब्याच्या दारात, रस्त्यावर सोडायचं नाही. हायवेच्या कडेला शोल्डरवर उभं राहून आंघोळ तर नकोच, मागून येणाऱ्याला झोप लागलेली असते. आणि तुमची गाडी मालाने भरलेली असेल तर चाकाखाली चिखल करून ठेवू नका.

२०. काश्मीरला सफरचंदाला जातो. पाणी गोठतं का? आणि उलट, मे महिन्यात नागपूरला?

गोठतं, आणि गोठताना फुगून पंपाचं डोकं, व्हॉल्व्ह, टाकीचे जॉइंट फोडतं. शून्याखाली मुक्काम असेल तर आंघोळ झाली की गार टाकी, पंप, पाइप सगळं खाली करा, पंप दोन-चार सेकंद कोरडा फिरवा. म्हणून सगळ्यात खालच्या जागी ड्रेनचा नळ ठेवायचा.

मे महिन्यात गार टाकीच गरम असते. कुलंटचे व्हॉल्व्ह बंद, गरमची लाइन बंद, नुसतं विसण घ्या. टपावरचा काळा पाइप असेल तर त्याचं पाणी त्या दिवसांत अंगावर घेण्याआधी हात लावून बघा.

२१. टाकीच्या पाण्याला वास येतो, धारही बारीक झाली.

वास म्हणजे पाणी शिळं झालंय. कोमट उभ्या पाण्यात जंतू वाढतात, त्यातले काही शॉवरच्या तुषारातून श्वासात जाऊन फुप्फुसाला त्रास देतात. गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर दोन्ही टाक्या रिकाम्या. परत भरल्यावर एकदा ७० पर्यंत तापवून घ्या.

बारीक धार म्हणजे क्षार. बोअरचं जड पाणी तापवलं की कॉइलवर पांढरा थर बसतो, शॉवरची भोकंही बुजतात. लिंबूसत कोमट पाण्यात विरघळवून टाकीत तासभर ठेवा, मग दोनदा धुवा. त्याने कॉइलही साफ होते आणि पाणी परत लवकर तापायला लागतं.

२२. माझी गाडी पेट्रोलचा टँकर आहे / सीएनजी आहे / इलेक्ट्रिक आहे.

पेट्रोल, डिझेल, गॅसच्या टँकरला काहीच जोडू नका, ना वायर, ना पंप, ना एलिमेंट. त्या गाड्यांना पेसोचं (स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षेचं सरकारी खातं) लायसन असतं आणि वायरिंगमध्ये परवानगीशिवाय बदल चालत नाही. डेपोबाहेरच्या सोयीवरच भागवा.

सीएनजी, एलएनजीच्या इंजिनालाही कुलंट असतो, रचना तीच, फक्त काम गॅसचा जाणता फिटर सोबत असताना करा आणि गॅसच्या लाइनीजवळून होज नेऊ नका. इलेक्ट्रिक ट्रकमध्ये एवढं गरम काही नसतं, आणि त्याच्या कूलिंगला बाहेरच्या माणसाने हात लावायचाच नाही.

२३. गाडी मालकाची आहे, मी ड्रायव्हर. मालक टी मारू देणार नाही.

बरोबर आहे त्यांचं. तुम्ही गाडीला न जोडलेला सेट करा, उद्या गाडी बदलली तर उचलून न्यायचा. २० लिटरचा कॅन, फवारणीची मोटर तिच्याच १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीसह, तीन मीटर नळी, हँड शॉवर, एक पडदा. गरम पाण्यासाठी ५ लिटरचा चांगला थर्मास जग, संध्याकाळी ज्या ढाब्यावर जेवता तिथे उकळतं पाणी मागून भरायचं, जेवणाऱ्या गिऱ्हाईकाला सहसा नाही म्हणत नाहीत, म्हटलंच तर दहा-वीस रुपये द्या. सकाळपर्यंत ते ७५-८० अंशाला राहिलं तर ५ लिटरमध्ये गार पाणी घालून १३-१४ लिटर आंघोळीचं होतं, एका माणसाला पुरतं. आधी कॅनमध्ये गार पाणी घ्या, मग वरून कढत ओता, हाताला सोसेल एवढं झालं की मोटरची पाणी ओढायची नळी आत सोडा, मोटर बाहेरच. रिकामा युरियाचा कॅन यासाठी वापरत असाल तर तीन-चार वेळा धुवून घ्या आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'आंघोळ' लिहा, म्हणजे क्लीनर त्यात परत युरिया भरणार नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, युरियाच्या टाकीत पाणी ओतणार नाही.